हलाल प्रसाधनं : पैसे कुठे मोजायचे, कुठे वाचवायचे

हलाल प्रसाधनं घ्यायची म्हणजे खिशाला जास्तीची कात्री, असं अनेक घरांत धरूनच चालतात. बाजार नीट पाहिला तर तसं दिसत नाही. हलाल-प्रमाणित देशी लिपस्टिक आज साधारण अडीचशे ते पाचशे रुपयांत मिळते, आणि त्याच दर्जाची, शिक्का नसलेली लिपस्टिकही याच पट्ट्यात आहे. पैसे वाया जातात ते वेगळ्याच ठिकाणी. ज्या वस्तूत हलाल-हरामचा प्रश्नच येत नाही, ती केवळ शिक्का पाहून चढ्या भावाने घेतली जाते. आणि जिथे प्रश्न खरा आहे, तिथे दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवला जातो. "बाजी, सगळं हलालच आहे," असं काउंटरपलीकडून अगदी सहज सांगितलं जातं. खोका उलटा करून घटकांची यादी मात्र कोणी वाचून दाखवत नाही. ती आपणच वाचायची. अक्षर मुंगीएवढं असतं, म्हणून मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून वाचावा.

खाली दिलेले भाव ढोबळ आहेत. शहर, सूट आणि ऑनलाइन ऑफर यांप्रमाणे ते इकडेतिकडे होतील.

भारतात या बाजाराला तोंड फुटलं ते अहमदाबादेत. मौली आणि ग्रिश्मा तेली या दोन जैन बहिणींनी २०१४मध्ये 'इबा' हा ब्रँड आणला. देशातला पहिला हलाल-प्रमाणित प्रसाधनांचा ब्रँड म्हणून तो ओळखला जातो. जैन घरातून हलाल ब्रँड निघाला यात नवल वाटण्यासारखं काही नाही. डुकराची चरबी नको, किड्याचा रंग नको, प्राण्यांवर चाचण्या नकोत, या मागण्या दोन्हीकडे सारख्याच आहेत. त्यामुळे आज हलाल शिक्क्याची लिपस्टिक घेणाऱ्यांत शाकाहारी घरांतल्या मुलीही असतात. पूर्वेकडे हा बाजार कधीच मोठा झाला आहे. इंडोनेशियात नूरहयाती सुबाकत यांनी १९९५मध्ये 'वर्दा' हा ब्रँड सुरू केला आणि आज तो तिथल्या आघाडीच्या ब्रँडांत आहे.

शिक्क्याची किंमत किती?

प्रमाणपत्र फुकट मिळत नाही. अर्जाचे, कारखान्याच्या तपासणीचे आणि नूतनीकरणाचे पैसे कंपनीला भरावे लागतात आणि अखेर ते आपल्याकडूनच वसूल होतात. समजा, एका उत्पादनामागे हा सगळा खर्च वर्षाला एक लाख रुपये आला. वर्षाला दोन लाख नग विकणाऱ्या कंपनीला तो नगामागे पन्नास पैसे पडेल. दोन हजार नग विकणाऱ्या छोट्या उद्योजिकेला तोच पन्नास रुपये पडेल. हा हिशेब डोक्यात ठेवला की भाव पारखता येतो. लहान ब्रँडने चाळीस-पन्नास रुपये जास्त लावले तर ते रास्त आहेत. मोठ्या ब्रँडची 'हलाल' आवृत्ती तिच्याच साध्या आवृत्तीपेक्षा शंभर-दीडशेने महाग असेल, तर तो वरचा पैसा प्रमाणपत्राचा नाही, जाहिरातीचा आहे.

हा खर्च यापुढे आणखी विभागला जाईल. इंडोनेशियाने २०१४च्या ३३ क्रमांकाच्या कायद्याने हलाल प्रमाणन सक्तीचं करायचं ठरवलं आणि प्रसाधनांसाठी १७ ऑक्टोबर २०२६ ही मुदत ठेवली. मलेशियात 'जाकिम' या सरकारी संस्थेचं प्रमाणपत्र चालतं आणि हलाल प्रसाधनांसाठी २०१९चं 'एमएस २६३४' हे मानक आहे. या देशांत माल पाठवायचा तर कारखान्याला तिथले नियम पाळावेच लागतात. एकदा कारखाना त्या शिस्तीत आला की इथल्या गिऱ्हाइकासाठी वेगळा मोठा खर्च उरत नाही.

लिपस्टिक : इथे वेळ द्या

लिपस्टिक थोडीथोडी पोटात जातेच, म्हणून हलालचा प्रश्न इथे सर्वांत धारदार आहे. मुख्य अडचण कार्माइन या लाल रंगाची. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यापासून तो काढतात. पेरू हा त्याचा सर्वांत मोठा उत्पादक देश. यादीत तो 'कार्माइन', 'कोचिनील' किंवा 'सीआय ७५४७०' अशा नावांनी येतो. शेवटचा आकडा पाठ करून ठेवावा, कारण बऱ्याच खोक्यांवर नाव नसतं, आकडाच असतो.

महाराष्ट्रात इथे एक बारकावा आहे. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, तर दख्खनी घरं बहुतेक हनफी. किडे खाण्याबाबत या दोन्ही मजहबांचा (धर्मशास्त्रीय पंथांचा) कल नकाराचाच. मालिकी मत सैल आहे. पण इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०११च्या फतव्यात कोचिनीलचा रंग चालतो असं म्हटलं. याचा अर्थ, जकार्ताहून आलेल्या लिपस्टिकवर हलाल शिक्का असला तरी आत कार्माइन असू शकतं. आपल्याला ते चालत नसेल तर शिक्का पाहून भागणार नाही, यादी वाचावीच लागेल. चिपळूण-खेडकडच्या घरांत आखातातून आणि मलेशियातून पाहुण्यांबरोबर वस्तू येतात, तिथे हे विशेष लक्षात ठेवावं.

यादीच्या शेवटी चौकटी कंसात अधिक-वजा अशी खूण असेल तर घाबरू नका. त्यापुढचे रंग संपूर्ण मालिकेतल्या निरनिराळ्या छटांचे मिळून लिहिलेले असतात. त्यात ७५४७० दिसला तर एवढंच कळतं, की मालिकेतल्या कुठल्या ना कुठल्या छटेत कार्माइन आहे. आपल्या छटेत आहे का, हे कंपनीला ईमेलने विचारावं. मोठ्या कंपन्या सहसा उत्तर देतात. जी देत नाही, तिची लिपस्टिक सोडून द्यावी. त्याच रंगाची दुसरी बाजारात मिळते.

आता पैशांकडे येऊ. कार्माइन वगळल्याने लिपस्टिक महाग व्हायचं कारणच नाही. त्याऐवजी वापरले जाणारे लोहाचे ऑक्साइड (सीआय ७७४९१) किंवा १५८५० क्रमांकाचा कृत्रिम लाल रंग कार्माइनपेक्षा स्वस्त पडतात. तेव्हा 'कार्माइनमुक्त' या शब्दासाठी जास्तीचा रुपया मोजू नये. मधमाश्यांचं मेण आणि कातरलेल्या लोकरीतून मिळणारं लॅनोलिन यांना हलालची आडकाठी नाही, शुद्ध शाकाहाराची असू शकते. तुलना नेहमी ग्रॅमवर किंवा मिलिलिटरवर करा. ३.८ ग्रॅमची कांडी ३०० रुपयांना असेल तर ग्रॅममागे ७९ रुपये पडतात. ६ मिलिलिटरची द्रवरूप लिपस्टिक ४२० रुपयांना असेल तर मिलिलिटरमागे ७०. एकक-किंमत छापायचा नियम २०२२पासून आहे, पण इतक्या लहान पॅकवर ती बहुधा सापडत नाही. भागाकार आपणच करायचा.

नेलपॉलिश आणि वुजू

इथे प्रश्न घटकांपेक्षा पाण्याचा आहे. वुजू करताना, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुताना, नखापर्यंत पाणी पोचलं पाहिजे आणि साधं नेलपॉलिश ते अडवतं. पोलंडच्या इंग्लॉट कंपनीने हवा आणि बाष्प जाऊ देणारं 'ओटूएम' हे नेलपॉलिश काढलं. पुढे कॅलिफोर्नियातल्या एका इस्लामी अभ्यासकाने कॉफी गाळायच्या कागदावर ते लावून पाणी झिरपतं का ते पाहिलं आणि ही गोष्ट जगभर पसरली. आता देशी ब्रँडही 'ब्रीदेबल' किंवा 'वुजू-फ्रेंडली' म्हणून बाटल्या विकतात. साधं नेलपॉलिश पन्नास ते दीडशे रुपयांना मिळतं, हे देशी दीडशे ते तीनशेला, आणि परदेशी नावाची बाटली याच्या कितीतरी पट.

माझं स्पष्ट मत आहे, की या एका वस्तूवर सर्वांत जास्त विचार करून पैसे खर्चावेत. बाष्प जाणं आणि ओल पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळे आलिम (धर्मपंडित) यावर एकमताचे नाहीत. कागदावरची परीक्षा घरीही करता येते: गाळणीच्या कागदावर एक हात द्या, पूर्ण वाळू द्या, वर पाण्याचा थेंब टाकून बोटाने चोळा आणि खालचा कोरा कागद ओला होतो का पाहा. पण कागद रंग शोषून घेतो आणि नख घेत नाही, म्हणून ही परीक्षा अंदाजापुरतीच. शिवाय नखावर आधी बेस कोट, मग दोन हात आणि वर टॉप कोट चढवला तर बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, पाणी पोचायची आशा सोडावी. एकच पातळ हात असेल तरच त्या दाव्याला काही अर्थ राहतो.

ज्यांना शंका नकोच आहे त्यांच्यासाठी दोन स्वस्त वाटा आहेत. पाळीच्या दिवसांत नमाज नसते, तेव्हा साधं साठ रुपयांचं नेलपॉलिश लावायचं आणि गुसलच्या (शुद्धीच्या आंघोळीच्या) आधी काढून टाकायचं. कित्येक मुली वर्षानुवर्षं हेच करतात. दुसरी वाट मेंदीची. मेंदीचा रंग नखात मुरतो, वर थर राहत नाही, त्यामुळे पाण्याचा प्रश्नच मिटतो. राजस्थानातल्या सोजतची शुद्ध मेंदी पावडर शंभर-सव्वाशे रुपयांत महिनोन्‌महिने पुरते. तयार कोन घेताना मात्र सावध राहा. निव्वळ मेंदीचा रंग नारिंगी ते गडद तपकिरी येतो, काळा कधीच येत नाही. काळा आला तर त्यात बहुधा पीपीडी हे केसांच्या कलपातलं रसायन आहे, आणि त्याने हातावर फोड येऊन कायमची ॲलर्जी जडू शकते.

अत्तर

अल्कोहोल नको म्हणून अत्तर, हा विचार जुना आणि सरळ आहे. मात्र अल्कोहोलबद्दलही मतं एक नाहीत. द्राक्षं आणि खजूर सोडून इतर पदार्थांपासून बनलेला अल्कोहोल सुगंधात चालतो असं बरेच हनफी आलिम मानतात. शाफई मत जास्त कडक आहे. आपल्या आलिमांना एकदा विचारून घेतलं की दर वेळी बाटलीपाशी अडायला होत नाही.

मोहम्मद अली रोडवर अत्तर अजूनही तोळ्यावर विकतात. तोळा म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या आसपास. तिथे एक साधा हिशेब उपयोगी पडतो. अस्सल चंदनाच्या तेलाचा भाव किलोला लाखाच्या बराच वर आहे. अगदी लाख धरला तरी ग्रॅम शंभर रुपयांना पडतो आणि तोळा अकराशेच्या पुढे जातो. दोनशे रुपयांच्या तोळ्यावर 'खालिस संदल' (शुद्ध चंदन) लिहिलेलं असेल तर आत काय आहे, ते या गणितावरून समजा. दोनशेचं अत्तर वाईट असतं असं नाही. कृत्रिम सुगंध आणि बिनवासाचं द्रावण असलेलं, अल्कोहोल नसलेलं अत्तर रोजच्या वापराला चांगलंच आहे. फक्त भाव त्याच मापाने द्यावा. सहा मिलिलिटरची लहान बाटली आधी घ्या, मनगटावर लावून चार तास थांबा, मग मोठी घ्या.

साबण, क्रीम, शाम्पू

साबणात एकच शब्द शोधा : सोडियम टॅलोएट. ही प्राण्याची चरबी. 'पामेट', 'पाम कर्नेलेट', 'कोकोएट' असेल तर ती पाम किंवा नारळाची तेलं आहेत. भारतात मोठ्या खपाचे बहुतेक साबण पाम तेलावर बनतात, म्हणून चाळीस-पन्नास रुपयांची वडी शिक्क्याशिवायही चालून जाते. जास्त पैसे द्यायचेच असतील तर टीएफएमसाठी, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्धांशासाठी द्या. ७६ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर तो पहिल्या श्रेणीचा अंगाचा साबण.

क्रीम आणि लोशनचं प्रकरण जास्त अवघड आहे. ग्लिसरिन आणि स्टिअरिक ॲसिड वनस्पतीपासूनही बनतं आणि चरबीपासूनही, आणि लेबलवर मूळ लिहिलेलं नसतं. कोलॅजेन आणि केराटिन तर प्राण्याचंच असतं. ते कोणत्या प्राण्याचं, हा प्रश्न उरतो. शिक्क्यासाठी वीस-तीस रुपये जास्त द्यावेत ते इथे, कारण वाचून समजत नाही ते तपासनिसाने कारखान्यात जाऊन पाहिलेलं असतं. शिक्का नसेल तर हिरवा ठिपका बघा. तो असेल तर चरबीची शंका बरीचशी मिटते, अल्कोहोलची मात्र नाही. तेच उलटही खरं आहे : हलाल शिक्का म्हणजे शुद्ध शाकाहारी असं नव्हे. जैन वाचकांनी दोन्ही खुणा पाहाव्यात.

'सिटिल अल्कोहोल', 'सिटिअरिल अल्कोहोल' ही नावं वाचून क्रीम परत ठेवणाऱ्या बऱ्याच जणी असतात. ते नशेचे अल्कोहोल नव्हेत, मेणासारखे घट्ट पदार्थ आहेत. टोनर आणि परफ्यूममध्ये पाहायचं ते 'अल्कोहोल डिनॅट' किंवा 'इथेनॉल'.

कराचं एक लक्षात असू द्या. २२ सप्टेंबर २०२५पासून साबणाची वडी, शाम्पू, केसांचं तेल, टाल्कम आणि फेस पावडर यांवरचा जीएसटी १८वरून ५ टक्क्यांवर आला. लिपस्टिक आणि नेलपॉलिश १८ टक्क्यांतच आहेत. शाम्पू जुन्या एमआरपीने माथी मारला जात असेल तर विचारा.

जिथे शिक्क्याची गरज नाही

खोबरेल तेल, मुलतानी माती, गुलाबपाणी, कोरफडीचा गर, बेसन, हळद. यांतल्या कशातही भेसळ नसली म्हणजे झालं, हलाल शिक्क्यासाठी दमडी जास्त देऊ नये. याउलट, केस विंचरायच्या ब्रशकडे कोणाचं लक्षच जात नाही. महागडे 'नैसर्गिक' ब्रश पुष्कळदा रानडुकराच्या राठ केसांचे असतात. नायलॉनचा ब्रश त्याच्या पाव किमतीत मिळतो आणि कामही तेच करतो. मेकअपचे ब्रशही कृत्रिम तंतूंचेच घ्यावेत. ते धुवायला सोपे आणि स्वस्तही.

शिक्का खरा आहे का?

भारतात प्रसाधनांना सरकार हलाल प्रमाणपत्र देत नाही. ते खासगी संस्था आणि ट्रस्ट देतात. चेन्नईची हलाल इंडिया आणि दिल्लीची जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट ही त्यांतली ठळक नावं. नुसतं 'हलाल' असं अरबीत छापलेलं असेल आणि संस्थेचं नाव नसेल, तर ते चित्र आहे, प्रमाणपत्र नव्हे. संस्थेचं नाव, क्रमांक आणि मुदत पाहावी. मुख्य म्हणजे त्या प्रमाणपत्राच्या यादीत आपण घेतोय तेच उत्पादन आहे का, हे विचारावं. कंपनीच्या तीन साबणांना प्रमाणपत्र असतं आणि जाहिरातीत सगळा ब्रँडच हलाल होतो. उत्तर प्रदेशात १८ नोव्हेंबर २०२३च्या आदेशाने, निर्यातीचा माल वगळता, हलाल-प्रमाणित वस्तूंच्या विक्रीवर बंदी आली आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तो आदेश त्या राज्यापुरता आहे, पण तिकडच्या नातेवाइकांना भेट पाठवताना माहीत असावा.

इन्स्टाग्रामवर घरगुती हलाल साबण आणि लिप बाम विकणाऱ्या पुष्कळ मुली आहेत आणि त्यांना आधार द्यावा असं मनापासून वाटतं. पण २०२०च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे प्रसाधन बनवून विकायला परवाना लागतो. लेबलवर परवाना क्रमांक, बॅच, घटक आणि वापराची मुदत नसेल तर दीडशे रुपयांची ती वडी चेहऱ्याला लावू नये. स्वतःचा परवाना शक्य नसेल तर परवाना असलेल्या कारखान्याकडून माल बनवून घेऊन आपल्या नावाने विकता येतो, हे त्या मुलींनाही सांगा.

वर्षाचा हिशेब

नोकरी करणाऱ्या एका तरुणीचा अंदाज मांडून पाहू. वर्षाला दोन लिपस्टिक ७०० रुपये, एक नेलपॉलिश २५०, क्रीमच्या तीन बाटल्या ९००, फेसवॉश चार ८००, एक फाउंडेशन ४५०, अत्तर ३००. एकूण ३,४०० रुपये. शिक्का नसलेल्या, त्याच दर्जाच्या वस्तू घेतल्या तर माझ्या अंदाजाने यात चार-पाचशेच वाचतील. म्हणजे महिन्याला चाळीस रुपयांचा प्रश्न आहे.

सगळं एकदम बदलायची घाई नको. उघड्या डबीच्या चित्रात '१२एम' लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. जे संपेल ते बदलत जा. मनाला खटकत असेल तर लिपस्टिक आधी बदला, मग रोजची क्रीम.

लग्न घरात असेल तर ब्युटिशियनशी साखरपुड्याच्या वेळीच बोलून घ्या. 'हलाल ब्रायडल पॅकेज' म्हणून वेगळा दर सांगितला तर कुठल्या ब्रँडची कोणती वस्तू वापरणार, ते लिहून मागा. बऱ्याचदा फरक फक्त फाउंडेशन आणि लिपस्टिकचा असतो, आणि या दोन वस्तू हजार रुपयांच्या आत आपणच घेऊन दिल्या तर हजारोंचं जास्तीचं पॅकेज लागत नाही. ब्रशही स्वतःचे न्यावेत. वॉटरप्रूफ मेकअपवरून वुजू होत नाही, म्हणून नवरीने मेकअपला बसण्याआधी वुजू करून घ्यावा आणि वेळ साधेल तसे निकाहचे विधी व नमाज यांचं गणित आधीच बसवावं.

बिल आणि रिकामा खोका वस्तू संपेपर्यंत ठेवा. त्वचेवर पुरळ आलं किंवा शिक्का खोटा निघाला, तर बॅच क्रमांकाचा फोटो काढून आधी कंपनीला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मराठीत बोललं तरी चालतं.